न्यायाधीशांची दहा मिनिटं

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळचे नऊ चाळीस. जागा: कोर्टाचा पहिला मजला, खोली क्रमांक दोनच्या बाहेरचा पॅसेज. हजर: मी. जिचा अर्ज होता, ती. आयर्लंडमध्ये आम्ही राहतो त्या ल्यूकनमधली आमची शेजारीण डॉक्टर, हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून तशीच आलेली. डॉक्टरची आई, म्हणजे कराडहून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू. समोरच्या बाकावर, एकटा, अर्ज करणारीचा नवरा. गैरहजर: तिची नऊ वर्षांची मुलगी, शाळेत. न्यायाधीश, अजून यायचे होते.

डायरीतली ही नोंद मी जशीच्या तशी उतरवली आहे. गावाचं नाव डायरीत आहे, पण इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांची काही चूक नव्हती.

मी टिफिनचा व्यवसाय करते. नवऱ्याच्या नोकरीमागून आयर्लंडला आले, पहिली चार वर्षं घरात बसून काढली आणि मग डबे सुरू केले. कुणाला लसूण चालत नाही, कुणाची मंगळवारी सुट्टी असते, कुणाचा डबा दारात ठेवायचा आणि कुणाचा शेजारी द्यायचा, हे सगळं यादीवर असतं. यादी चुकली की माणूस उपाशी राहतो. त्यामुळे आमच्या ओळखीच्या लोकांत कुठलंही काम निघालं की कागद-पेन घेऊन मीच बसते. तिच्या कोर्टाच्या कामातही मीच बसले होते.

ती आमच्या शेजारी सहा वर्षं होती. नवरा सिटीवेस्टला एका कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी दोघं वेगळे राहायला लागले. मारहाण नाही, दारू नाही, बोलणंच संपलं होतं. ल्यूकनमधलं भाडं एकटीला झेपेना, म्हणून ती तासाभराच्या अंतरावरच्या एका जिल्ह्याच्या गावी गेली आणि तिथल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. मुलगी तिच्याकडे, एक सोडून एक शनिवार-रविवार बापाकडे. हे त्यांनी आपापसात ठरवलं होतं आणि नीट चाललं होतं.

मग त्या उन्हाळ्यात सांगलीला तिच्या वडिलांच्या पोटात दुखायला लागलं. ते एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी रोज संध्याकाळी फोनवर नातीला विचारायचे, आज कुठल्या नंबरच्या बसने गेलीस, किती थांबे लागले, कुणी उभं होतं का. ते मराठीत विचारायचे, ती आयरिश वळणाच्या इंग्रजीत सांगायची आणि दोघांचं कधी अडलं नाही. त्यांच्याकडे जुना तिकिटाचा पंच होता, तिकिटाला भोक पाडायचा. तो नातीला द्यायचा हे ठरलेलं होतं. पोस्टाने पाठवा म्हटलं तर म्हणायचे, "हातात देईन. पोस्टाने पंच पाठवतात होय?"

ऑगस्टमध्ये डॉक्टरने तिच्या वडिलांचे रिपोर्ट माझ्या ओट्याशी उभं राहून फोनवर वाचले. वाचून झाल्यावर फोन उलटा करून ठेवला. म्हणाली, "दिवाळी बघतील. त्यापुढचं मी बोलणार नाही."

शाळेची मिडटर्मची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. तिला नोकरीवरून रजा एकदाच मिळणार होती, आणि वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, एकटी येऊ नकोस, पोरीला घेऊन ये. तिकिटं बघून ठेवली होती. अडलं होतं एका सहीपाशी. मुलीला देशाबाहेर न्यायचं तर बापाची लेखी संमती लागते, आणि बाप सही करेना.

मी त्याला जेवायला बोलावलं. आपल्याकडे असं काही झालं की कुणीतरी वडीलधारं मध्ये पडतं, चहा-जेवण होतं आणि विषय मिटतो, तसं मनात होतं. त्याने तीन थालीपिठं खाल्ली. मग मी विषय काढला.

"ताई, मी तिला अडवत नाहीये."

"मग सही कर."

"आणि परत नाही आली तर?"

"येईल. मी सांगते ना."

"तुम्ही तिच्या बाजूच्या आहात, ताई. दर शुक्रवारी तिच्याकडे तुमचा डबा जातो. मला दोन वर्षांनी आज थालीपीठ मिळालं." तो हसला, पण त्याच्या डोळ्यांत भीती होती. "जज सांगू देत. परत यायची तारीख कागदावर लिहून देऊ देत. मी त्याच मिनिटाला हो म्हणेन. वकीलसुद्धा लावणार नाही."

म्हणजे हवे होते एक न्यायाधीश आणि त्यांची दहा मिनिटं. तिच्या गावच्या कोर्टात अर्ज भरला, तारीख मिळाली १४ ऑक्टोबर. मिडटर्मच्या दहा दिवस आधी. मी यादीत लिहिलं, 'वेळेत आहे', आणि खाली रेघ ओढली.

आता माझ्या वडिलांबद्दल लिहायला हवं. ते तालुक्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. आमच्या घरी जेवताना बोलणं बोर्डाचं असायचं, म्हणजे त्या दिवशी पुकारल्या जाणाऱ्या प्रकरणांच्या यादीचं. आज बोर्डावर किती होती, किती झाली, किती जणांना पुढची तारीख पडली. त्यांनी तीस वर्षं एक गोष्ट बघितली होती आणि ती आम्हा भावंडांना पाठ होती. साहेबांना घाई आहे असं सांगितलं की फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते. 'आपल्या सवडीने घ्या साहेब' असं म्हटलं की ती वर येते. मोठ्या माणसाचा वेळ मागायचा नसतो, तो मिळेपर्यंत उभं राहायचं असतं. ते तिथल्या कोर्टाबद्दल खरंच होतं. आमच्या वडिलांनी किती लोकांना एवढं एक वाक्य शिकवून घरी वेळेवर पाठवलं असेल.

तेच वाक्य मी तिला शिकवलं. तारखेच्या आधीच्या रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरात फाइल लावली. जन्मदाखला, पासपोर्टच्या प्रती, शाळेचं पत्र, सांगलीच्या डॉक्टरांचे रिपोर्ट, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी. मग मी न्यायाधीश झाले आणि तालीम घेतली.

"काही घाईचं आहे का?"

"नाही. आपल्याला सवड होईल तेव्हा."

"छान. चेहरा शांत ठेव. हात बांधू नकोस."

मुलगी प्रेसमधून बिस्किटं काढत होती. इथली मुलं कपाटाला प्रेसच म्हणतात. तिने हात तसाच आत ठेवून मागे बघितलं. "बट ही इज सिक, मॅमी. व्हाय वुड यू से देअर्स नो रश?"

तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. उत्तर मी दिलं. "मोठ्या माणसांशी असं बोलायचं असतं, बाळा."

"ग्रँड सो," म्हणजे बरं मग, असं ती म्हणाली आणि बिस्किटं घेऊन गेली.

कोर्टात आम्ही आधीच पोचलो होतो. पॅसेजमध्ये तीसेक माणसं होती. बाबागाड्या, सूटमधले वकील, ट्रॅकसूटमधली पोरसवदा जोडपी. कौटुंबिक प्रकरणांसाठी त्या गावाला महिन्यातून एकच दिवस होता. सव्वादहाला कोर्टातली एक बाई यादी घेऊन बाहेर आली. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा दोरीला अडकवलेला. ओळीखाली पट्टी धरून ती एकेक नाव वाचत होती. मला ती लगेच आवडली. मीही पट्टी धरते.

प्रत्येकाला ती तीनच प्रश्न विचारत होती. दोघांची संमती आहे की सुनावणी लागेल? किती वेळ लागेल? काही घाईचं आहे का? आमच्यापाशी आली तेव्हा तिने इंग्रजीत तेच विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट गेली. तिसऱ्याला माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"नाही, घाई काहीच नाही. न्यायाधीशांना सवड होईल तेव्हा."

त्या बाईने चष्म्यावरून बघितलं. "नक्की?"

"नक्की," मीच म्हणाले.

"फार समजूतदार आहात," ती म्हणाली आणि आमच्या ओळीपुढे पेन्सिलीने एक बारीक खूण केली. मला बरं वाटलं होतं. डायरीत तेही लिहिलेलं आहे: 'सुरुवात चांगली.'

पावणेअकराला न्यायाधीश आल्या. पहिलं नाव पुकारलं तसे आम्ही चौघीही उठलो, आत जाऊन बघावं म्हणून. दारातल्या माणसाने अडवलं. कौटुंबिक प्रकरणं बंद दाराआड चालतात, ज्यांचं प्रकरण त्यांनीच आत जायचं.

"म्हंजे आपन यवढ्या लांबनं आलो त्ये बाकड्याला टेका द्यायला?" काकू म्हणाल्या.

"आई, हळू बोल."

"हळूच बोलतीया. हितं कुनाला कळतंय?" त्यांनी पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, आम्हाला दिल्या आणि एक दशमी रुमालात घेऊन सरळ समोरच्या बाकाकडे गेल्या. नवरा उभा राहिला. "बस खाली आन् खा," त्या म्हणाल्या. "भांडान तुमचं हाय, पोटाचं न्हाई." त्याने घेतली. माझी मैत्रीण खिडकीबाहेर बघत राहिली, पण रागाने नाही.

साडेबारा वाजले तरी आमचा पुकारा झाला नव्हता. काकूंनी चौकशी सुरू केली.

"जज येकच हाय?"

"एकच. तीन गावांना मिळून," मी सांगितलं.

"आन् पगार कोन देतंय?"

"सरकार. आपल्या करातून."

"मंग आपलाच मानूस की. हाक मारा." बाकावर डुलकी लागलेली डॉक्टर झोपेतच हसली. त्याच वेळी जेवणाच्या सुट्टीसाठी दार उघडलं आणि न्यायाधीश आमच्यासमोरून गेल्या. चष्मा, सपाट बूट, एका हातात प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं सँडविच, दुसऱ्या काखेत फायली. त्या चालता चालता वरची फाइल वाचत होत्या. काकू बघतच राहिल्या. "आगं, बाई हाय की! आन् जेवायला बी कुनी सोडंना तिला."

मला माझी एक यादी आठवली होती.

त्याच्या आदल्या वर्षी निवडणुकीच्या आधी एक उमेदवार आमच्या दारात मतं मागायला आला होता. इथे ते दारोदार येतात आणि तुमचं म्हणणं लिहून घेतात. बहुतेक लोक उंबऱ्यात उभं राहून जे सुचेल ते बोलतात. माझी यादी तयार होती, पाच मुद्द्यांची. एक, सकाळची बस भरून येते आणि आमच्या थांब्यावर थांबत नाही. दोन, शाळेला वर्ग कमी पडतात. आणि तीन, न्यायाधीशांचे पगार. पेपरात कुठेतरी वाचलं होतं आणि डोक्यात बसलं होतं. मी म्हणाले, एवढे पगार सरकारी तिजोरीतून कशाला? आम्ही कोर्टाची पायरी कधी चढत नाही. बस आणि शाळा होईपर्यंत न्यायाधीश वाढवू नका. तो हसला, "फेअर प्ले टू यू", म्हणजे शाब्बास, असं म्हणाला, आणि माझ्यासमोर त्याने ते लिहून घेतलं. मुद्देसूद बोलल्याबद्दल मी त्या दिवशी स्वतःवर खूश होते. घरी नवऱ्यालाही सांगितलं.

दुपारी एकेक प्रकरण आत जात होतं. सकाळी पेन्सिलीची वेगळी खूण झालेली माणसं आधी जात होती, हे माझ्या तीनच्या सुमाराला लक्षात आलं. एक बाई बाळ कडेवर घेऊन गेली आणि रडत बाहेर आली, पण तिच्या हातात कागद होता. मी तिचा कागद बघत बसले.

चार वाजून दहा मिनिटांनी यादीवाली बाई बाहेर आली. न्यायाधीश उठल्या होत्या. उरलेली अकरा प्रकरणं पुढच्या तारखेला, १८ नोव्हेंबर. आमचं त्यात होतं.

माझ्या मैत्रिणीने पर्समध्ये गाडीची किल्ली शोधली, ती हातातच होती. मुलीला शाळेनंतरच्या वर्गातून आणायचं होतं, म्हणून ती गेली. नवरा थोडा वेळ उभा राहिला. "ताई, मी आलो होतो," तो म्हणाला. "दिवसभर होतो." मग तोही गेला. डॉक्टर काकूंना घेऊन गाडीकडे गेली. मी फाइल आवरायला मागे थांबले होते, आणि यादीवाली बाई खिडकीशी कागद लावत होती.

मी तिला विचारलं, अलीकडची तारीख मिळेल का, तिचे वडील जाणार आहेत.

"जाणार म्हणजे?"

"कॅन्सर आहे. हा महिना काढतील, फार तर."

तिने पट्टी खाली ठेवली. "सकाळी मी विचारलं होतं."

"हो."

"मरणाला टेकलेले आजोबा असतील तर ते प्रकरण मी पहिलं लावते. दहा मिनिटांचंच तर काम होतं. विचारते ती त्यासाठीच." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग तिने समजावून सांगितलं. न्यायाधीशबाईंकडे तीन गावं. शेजारच्या भागातले न्यायाधीश वसंतात रिटायर झाले, त्यांच्या जागी अजून कुणी नाही, म्हणून तिथली तातडीची कामंही यांच्याच अंगावर. वर विचारलं की सांगतात, पैसे मंजूर होऊ देत. "न्यायाधीशांच्या पगाराचं नाव काढलं की लोक चिडतात," ती म्हणाली. "मत मागायला दारात येणाऱ्याला रस्ता मागतात, शाळा मागतात. आम्हाला एक जज द्या, असं कोण म्हणतंय? लागेपर्यंत कुणाला लागत नाही."

मी तिला मुद्दा क्रमांक तीन सांगितला नाही. डॉक्टरांचं पत्र आणा, अर्ज करून बघा, असं ती म्हणाली. मी तेवढंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टरने पत्र लिहिलं, दहाला मी ते पाठवलं, साडेदहाला फोन केला. त्यानंतर रोज केला. दुसऱ्या गावात ३० तारखेला बसवून बघू, असं एकदा कळलं. तोवर मिडटर्म संपत येणार होती, पण आम्ही त्यालाही तयार होतो. मग त्या दिवशी मारहाणीची प्रकरणं जास्त आली आणि जागा राहिली नाही. मी त्यावर रागावू शकले नाही. ज्या बाईला घरी जायची भीती वाटते, तिला आधी घ्यायलाच हवं.

त्या दिवसांत मी सही नाकारणाऱ्यावर चिडून पाहिलं, पण जमलं नाही. त्याला भीती होती आणि ती खोटी नव्हती. आम्ही सगळे तिच्या ओळखीचे होतो किंवा त्याच्या. दोघांचं अन्न खाल्लेलं, दोघांबद्दल मत असलेलं. ती सपाट बुटांची बाई एकटी अशी होती की जिला त्या दोघांपैकी कुणीच पगार देत नव्हतं, जेवू घालत नव्हतं, आणि म्हणून दोघंही तिचं ऐकणार होते. अशा परक्या माणसाला रोज सकाळी एका खोलीत आणून बसवायचं, तर त्याचं घर सगळ्यांनी मिळूनच चालवायला हवं. पगार त्यासाठी असतो. हे मला पन्नासाव्या वर्षी, बाकावर बसून कळलं.

तीस तारखेच्या आधीच दिवाळी येऊन गेली. तिच्या वडिलांनी ती बघितली, डॉक्टर म्हणाली होती तशी. व्हिडिओवर त्यांच्या उशाशी पणती दिसत होती. मिडटर्म लागली तेव्हा नातीला त्यांनी विचारलं, आज कुठली बस. ती म्हणाली, सुट्टी आहे, कुठलीच नाही. मग ते झोपले.

रविवारी, ९ नोव्हेंबरला, पहाटे सांगलीहून फोन आला.

दुपारी मी डबे घेऊन तिच्याकडे पोचले, तेव्हा तिच्या नवऱ्याची गाडी आधीच दारात होती. तो स्वयंपाकघरात उभा होता, अंगात घरचाच टी-शर्ट. त्याने माझ्याकडे पेन मागितलं आणि ओट्यावर कागद ठेवून सही केली. संमतीचा मजकूर मीच ऑगस्टमध्ये टाइप केलेला होता. खाली एक जागा रिकामी होती.

"परतीची तारीख लिहायची राहिली," ती म्हणाली. "लिहू का?"

"नको," तो म्हणाला. त्याने पेन मला परत दिलं आणि बाहेर जाऊन मुलीजवळ पायरीवर बसला.

मायलेकी मंगळवारी निघाल्या.

१८ नोव्हेंबरला मी एकटीच कोर्टात गेले. जायची गरज नव्हती, ई-मेल चालला असता. पण आमचं नाव यादीत राहिलं तर कुणाची तरी दहा मिनिटं आमच्यासाठी अडून राहतील, असं मला वाटलं. मैत्रिणीने जाण्याआधी सही करून ठेवलेलं, अर्ज मागे घेत असल्याचं पत्र मी यादीवाल्या बाईच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं. इथले लोक अशा वेळी एकच ठरलेलं वाक्य बोलतात, तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं, एवढंच. तिने तेच म्हटलं, तिला कळव असंही म्हटलं. मग पट्टी धरली आणि आमच्या ओळीवर सरळ रेघ मारली. त्या सकाळीही पॅसेज भरलेला होता.

त्या आठवड्यात मी उमेदवाराला पत्र लिहिलं. मुद्दा क्रमांक तीन मागे घेते, असं लिहिलं, आणि का ते एका परिच्छेदात. पुढच्या वेळी दारात याल तेव्हा हा मुद्दा पहिला असेल, हेही. त्याचं छापील उत्तर आलं. ते फाइलला लावलं.

डिसेंबरात दोघी परत आल्या, ठरल्या दिवशी. पहिल्या शनिवारी माझ्याकडे जेवायला आल्या. मुलीच्या कोटाच्या खिशात पंच होता. आजीने कपाटातून काढून दिला होता, रुमालात बांधून. तिने तो माझ्या हातात दिला नाही, लांबूनच दाखवला. जड दिसत होता आणि दांड्यावरचा रंग एका अंगठ्यापुरता गेलेला होता.

"ताई," तिची आई जेवताना म्हणाली, "तिकडे सगळे विचारत होते, आधी का नाही आलीस. मी सांगितलं, तिथं तीन गावांना एक जज आहे. कुणाला खरं वाटेना." तिने पोळीचा तुकडा मोडला. "सरकारनं एक माणूस जास्त ठेवला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही होतात म्हणून निदान कागद तरी तयार होते. तुमचे उपकार आहेत."

"भाजी घे," मी म्हणाले.

खिडकीशी यादीवाली बाई काय बोलली, ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. जज कमी आहेत हे खरंच आहे. ते इतकं खरं आहे की त्यामागे एक माणूस सहज उभा राहू शकतो, आणि मी तशी उभी आहे. मुलीने त्या बिस्किटांच्या दिवशीचा प्रश्न पुन्हा कधी विचारलेला नाही. विचारला नाही म्हणजे विसरली, असं मी धरत नाही.

जेवण झाल्यावर तिला पंच वापरून बघायचा होता. माझी कामांची यादी फ्रीजवर होती. मी ती काढून दिली आणि सांगितलं, जे झालं आहे त्याला भोक पाड. तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून मी एकेक वाचत गेले. गॅसचं सिलिंडर सांगितलं. झालं. कट्. काकूंच्या विमानाची वेळ. झालं. कट्. उमेदवाराला पत्र. झालं. कट्. दर वेळी ती कागद उजेडाकडे धरून भोक बघत होती.

शेवटच्या ओळीवर मी थांबले.

"व्हॉट्स दॅट वन?"

"तुझ्या आईशी बोलायचं आहे."

तिची आई मागे नळ सोडून भांडी विसळत होती. मुलीने पंच ओळीपाशी नेला. "विल आय पंच इट?"

"नको," मी म्हणाले. "ते अजून झालेलं नाही."